पेढीवरील शिक्षण आणि संगणकाची पाठशाळा

पूर्वी पेढीवर नवा मुलगा ठेवला म्हणजे त्याचे शिक्षण दिवाणजींच्या गादीशेजारी बसून होत असे. रोजकीर्द कशी लिहावी, खतावणी कशी करावी, कोणत्या गिऱ्हाइकाशी मराठीत बोलावे व कोणाशी कन्नडात, हे तो पाहून व ऐकून शिके. आज दिवाणजी थकले आहेत. मुलगा वर्ष-दीड वर्षात पुण्यास किंवा बंगळूरास निघून जातो, आणि पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. बेळगाव-निपाणी भागातील लहान पेढ्यांची ही अडचण भांडवलाच्या अडचणीहून कमी नाही, असे आमचे मत आहे.

यावर तोडगा म्हणून ‘लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम’ नावाची संगणकीय व्यवस्था विकण्यास हल्ली प्रतिनिधी येतात. धडे, चित्रफिती व प्रश्न एके ठिकाणी ठेवावयाचे आणि कोण किती शिकला याची नोंद आपोआप व्हावयाची, असे तिचे स्वरूप. वस्तू वाईट नव्हे. प्रश्न भावाचा आहे. वर्गणी बहुधा दर माणशी दरमहा असते, आणि पुष्कळदा किमान संख्येची अट असते. आम्हीही या मोहात पडलो होतो. आठ नोकरांसाठी पंचवीस जणांचे पैसे भरले. तयार धडे सगळे इंग्रजीत निघाले. दिवाळीनंतर ते कोणी उघडूनही पाहिले नाहीत. दोष विकणाऱ्याचा थोडा, न विचारता घेणाऱ्यांचा अधिक.

दुसरा मार्ग ‘मूडल’चा. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुजियामास यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेली ही प्रणाली मुक्त आहे. तिला परवान्याचे शुल्क पडत नाही, आणि माणसे वाढली म्हणून वर्गणी वाढत नाही. परंतु फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे. ती ठेवण्यास सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो, वेळोवेळी नवी आवृत्ती चढवावी लागते, नोंदींची प्रत राखावी लागते. आठ माणसांच्या दुकानास हा व्याप झेपणारा नाही. मग उरतो व्हॉट्सअ‍ॅपचा गट. तेथे कालचा धडा आजच्या शुभेच्छांखाली गडप होतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, ही खरेदी एकेकट्या पेढीने करूच नये, संघाने करावी. एकच मूडल, एक जाणता माणूस, आणि खर्चाची सभासदांत वाटणी. वस्तू व सेवा कराचे उदाहरण घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ व २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंवरून गेले. तो बदल प्रत्येक दुकानाने आपापल्या मुलांस निरनिराळा समजावून सांगितला. एकच धडा मराठीत व कन्नडात तयार झाला असता तर सर्वांचे भागले असते.

आपला धंदा परक्याच्या दृष्टीस पडेल, अशी शंका काही बंधू घेतील. ती रास्त आहे. खरेदीचे भाव, गिऱ्हाइकांची नावे व उधारी यांस या पाठशाळेत मुळीच जागा नसावी. शिवाय प्रत्येक पेढीचा वर्ग निराळा ठेवता येतो.

सामुदायिक शिक्षण आपणांस नवे नाही. कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, ती लोकांच्या वर्गणीवर व श्रमांवरच वाढली. आणि श्रुतपंचमीचे कारण तर घरातील मुलेही जाणतात: मुखोद्गत ज्ञान लोपेल या चिंतेने धरसेनाचार्यांनी पुष्पदंत व भूतबली यांस ते दिले, आणि षट्खंडागम ग्रंथारूढ झाला. त्या पवित्र कार्याशी दुकानाच्या हिशेबाची बरोबरी आम्ही करीत नाही. चिंता मात्र ओळखीची आहे.

प्रणाली कोणतीही येवो, धडे आपल्यालाच करावे लागणार. तेव्हा संघाचा निर्णय होईपर्यंत प्रत्येक पेढीने आपल्या दिवाणजींस समोर बसवून, माल उतरवून घेताना ते काय काय तपासतात, एवढे तरी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे.