तिजोरीतला चाकू

शिकारीनंतर हरणाचं पोट चिरताना चाकूचं टोक जरा आत घुसलं, तर आतडं फाटतं आणि मांस नासतं. टोक पाठीच्या रेषेखाली उतरवलेलं पातं ही अडचण टाळतं. ‘ड्रॉप पॉइंट’ नावाचा हा घाट जगभर पोहोचवला तो अमेरिकेच्या बॉब लव्हलेस यांनी. १९५०च्या दशकात त्यांना नामांकित कारागीर बो रँडल यांचा चाकू हवा होता. दुकानात कळलं, कित्येक महिने थांबावं लागेल. लव्हलेस यांनी भंगारातल्या पॅकार्ड मोटारीचा पाटा मिळवून स्वतःच चाकू घडवला. (आपल्याकडचे घिसाडीही मोटारीच्या कमानपाट्यांतून कोयते घडवतात. फरक किमतीचा आणि कौतुकाचा.)

लव्हलेस २०१०मध्ये गेले. आज त्यांच्या चाकूंना हजारो डॉलर मोजावे लागतात आणि त्यातले बरेच तिजोरीत पडून असतात. एकदा धार लावली की भाव उतरतो, म्हणून कोणी वापरत नाही. कातडं सोलण्यासाठी विचारपूर्वक घडवलेल्या पात्याने आयुष्यात साधी सुतळीही कापू नये, हे विचित्र आहे.

संग्राहकांना नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यांच्या पैशावरच ही कारागिरी तगली हेही खरं. बिल मोरान यांनी १९७३मध्ये थरांचं, लहरींच्या नक्षीचं ‘दमास्कस’ पोलाद पुन्हा लोकांसमोर आणलं, तेव्हा भट्टीवर चाकू घडवणारे अमेरिकेत मोजकेच उरले होते. हौशी गिऱ्हाईक नसतं, तर कोळसा आणि घाम कोणाला परवडला असता?

तरीही याच मोरान यांच्या पुढाकाराने १९७६मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची परीक्षा बघावी. ‘मास्टर’ व्हायचं तर किमान तीनशे थरांचं पातं घडवायचं. त्याने मोकळा लोंबणारा इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा, लाकडाची फळी दोनदा आरपार छाटायची आणि त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस भादरून दाखवायचे. शेवटी पातं शिकंजात धरून नव्वद अंशांत वाकवायचं. ते तुटता कामा नये. धार कडक आणि पाठ चिवट राहील असं पाणी दिलेलं नसेल, तर इथे सगळं उघडं पडतं. देखणेपणाची पारख वेगळी होते, पाच तयार चाकू मांडून. पण आधी काम, मग रूप.

हाताने घडवलेला चाकू विकत घेणाऱ्यानेही हाच क्रम धरावा. कार्बन पोलादाचं पातं कांद्या-लिंबाने काळवंडतं. वापरून झाल्यावर लगेच धुवावं, कोरडं पुसावं, तेलाचा हात फिरवावा. निसण्यावर धार स्वतः लावायला शिकावं. काळपट डाग पडले तर पडू द्यावेत. भाव घसरण्याची धास्ती असणाऱ्याने सोनं घ्यावं, त्याला धार लावावी लागत नाही.