पिशवी काढण्यापूर्वी

‘मुलेबाळे झाली, आता पिशवीचा उपयोग तरी काय?’ हे वाक्य दवाखान्यात जितक्या सहज उच्चारले जाते, त्याहून अधिक सहजपणे ते घराघरांत स्वीकारले जाते. घराला रंग द्यायचा झाला तरी चार रंगाऱ्यांचे दर विचारणारी आपली मध्यमवर्गीय कुटुंबे हा निर्णय मात्र एका सोनोग्राफीवर आणि दहा मिनिटांच्या भेटीवर घेऊन मोकळी होतात.

या घाईचे भयावह रूप २०१९ साली बीड जिल्ह्यात उघड झाले. ऊसतोड करणाऱ्या ८२ हजार ३०९ स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीमुळे खाडा झाला तर मजुरी बुडणार, वर दंड भरावा लागणार. त्यापेक्षा पिशवीच नको, असा तो हिशेब! पुढे सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी, केंद्राने २०२२ मध्ये आखलेल्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत अमलात आणण्याचे आदेश राज्यांना दिले. तथापि सूचना कागदावर असतात. डॉक्टरांसमोर बसलेली असते ती आपली आई, बहीण वा पत्नी.

शस्त्रक्रिया नेहमीच अनावश्यक असते, असे मुळीच नाही. कर्करोगात ती जीव वाचवते, आणि वर्षानुवर्षे रक्तस्रावाने खंगलेल्या स्त्रीला ती नवे आयुष्य देते. प्रश्न आहे तो अन्य मार्ग चोखाळले गेले काय, हा. अतिरक्तस्रावावर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसविण्याची संप्रेरकयुक्त तांबी आहे. पुष्कळदा केवळ गाठी काढून भागते. रजोनिवृत्तीनंतर गाठी बहुधा आपोआप आकसतात, त्यामुळे पन्नाशीकडे झुकलेल्या स्त्रीला त्रास सोसण्याजोगा असेल तर थांबणे हाही उपचारच ठरतो. अंगावरून पांढरे जाते, एवढ्यावरून पिशवी काढणे तर सर्वस्वी असमर्थनीय.

म्हणून डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरी थोडी तयारी हवी. मागील तीन-चार महिन्यांच्या पाळीच्या तारखा, किती दिवस व किती स्राव, चालू औषधे हे एका वहीत लिहावे. जुने अहवाल, विशेषतः हिमोग्लोबिन व थायरॉईडचे, सोबत न्यावेत. ‘पुढे कर्करोग होईल’ असे कोणी सांगितले, तर ते कोणत्या तपासणीवरून, हे विनासंकोच विचारावे. पॅप तपासणी वा गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणे ही त्याची रीत आहे. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बीजांडकोशांचा. ते राहणार की जाणार? पाळी चालू असताना दोन्ही काढले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. हाडांची झीज आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अनेकींना ते काढल्याचे शस्त्रक्रियेनंतर कळते, यापरते दुर्दैव ते कोणते! दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात पहिल्यांचा अपमान नाही. चांगला वैद्य त्याने रुष्ट होत नाही.

या भेटीला पतीने अवश्य जावे. मात्र बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचण्यासाठी नव्हे आणि पत्नीच्या वतीने उत्तरे देण्यासाठी तर नव्हेच. आत बसून ऐकावे, टिपून घ्यावे. शस्त्रक्रिया ठरलीच तर त्यानंतर साधारण सहा आठवडे जड उचलणे वर्ज्य असते. तेव्हा पाण्याची बादली, गॅसची टाकी कोण उचलणार आणि स्वयंपाकघर कोण सांभाळणार, हेही तारीख घेण्याआधी घरात ठरलेले असावे.