चेहरा वाचणाऱ्यांचे पूर्वग्रह

लहान मूल मनातले लपवू शकत नाही, त्याचा चेहराच सर्व काही सांगतो, असे सर्रास मानले जाते. हा समज भाबडा असला तरी निरुपद्रवी नाही. भावनांच्या आविष्कारावरील १८७२ च्या ग्रंथासाठी डार्विनने ड्यूशेन या फ्रेंच वैद्याची छायाचित्रे वीसहून अधिक सुशिक्षितांना कोणताही खुलासा न करता दाखविली. काही चेहऱ्यांविषयी जवळजवळ एकमत झाले. काहींविषयी मात्र परस्परविरोधी उत्तरे आली.

मुलांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो. कारण तेथे पाहणाऱ्याच्याच हाती निवाड्याची सत्ता असते. एमी हाल्बरस्टाट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १७८ भावी शिक्षकांना शाळकरी मुलांच्या चेहऱ्यांच्या चित्रफिती दाखविल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, कृष्णवर्णीय मूल रागावलेले नसतानाही रागावलेले भासण्याचे प्रमाण अधिक होते. दोष चेहऱ्यात नव्हता, समाजाने घडविलेल्या दृष्टीत होता.

हे समजण्यासाठी परभणी जिल्ह्याला अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. त्या हिशेबात मूल कोठेच नसते. फडावरच्या खोपीत महिनोन्‌महिने काढून ते वर्गात परतते, तेव्हा त्याचा मुका चेहरा 'मठ्ठ' ठरतो. फासेपारध्याच्या मुलाची भेदरलेली नजर 'चोरटी' ठरते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची सोय केली होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ती दृष्टी रद्द झाली नाही.

याचे खापर एकट्या शिक्षकावर फोडणे अन्यायाचे होईल. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीच्या शाळेला साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक देतो. म्हणजे पाच इयत्ता दोघांनी वाटून घ्यायच्या. अशा शिक्षकाला एकेका मुलाशी बोलण्याची सवड मिळणार कोठून?

आता भावना ओळखण्याचे काम कॅमेरा व संगणकावर सोपविण्याची भाषा ऐकू येते. माणसांच्या निवाड्यांवर शिकविलेले यंत्र माणसांचेच पूर्वग्रह शास्त्राच्या नावाने परत करणार, हे उघड आहे. युरोपीय संघाने २ फेब्रुवारी २०२५ पासून, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, शिक्षणसंस्थांत व कामाच्या ठिकाणी अशा यंत्रणांना मनाई केली. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास बंदी केली खरी. पण २०२५ च्या नियमांनी शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामासाठी त्यातून सूट दिली. एका हाताने दिले, ते दुसऱ्या हाताने काढून घेतले.

ही पळवाट बंद झाली पाहिजे. गळीत हंगामापूर्वी हंगामी वसतिगृहे उघडली पाहिजेत आणि प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक मिळाला पाहिजे. कार्यकर्त्यांनी ग्रामसभांत व शाळा व्यवस्थापन समित्यांत या मागण्या लावून धराव्यात. मुलाच्या चेहऱ्याचा अर्थ त्याच्याशी बोलूनच कळतो. बोलण्यास वेळ लागतो, आणि त्या वेळेची किंमत शासनाने अर्थसंकल्पात मोजली पाहिजे.