बर्फावरचा हिशेब
स्कीइंगसाठी परदेशी जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा विमानाच्या तिकिटाची होते. खरा खर्च मात्र डोंगराच्या पायथ्याशी सुरू होतो. स्वित्झर्लंडच्या झेरमाटमध्ये लिफ्टचा पास, स्की आणि बुटांचं भाडं, प्रशिक्षकाची फी, वरचं जेवण, सगळं फ्रँकमध्ये आणि रोजच्या रोज. इटलीतल्या चेर्विनियासह तिथे सुमारे ३६० किलोमीटरच्या उतारवाटा आहेत, पण नवख्याला त्यांचा काय उपयोग? त्याचे पहिले दोन-तीन दिवस एका छोट्याशा सौम्य उतारावरच जातात: घट्ट बुटात नडगी पुढे दाबायची, स्कीची टोकं जवळ, मागची बाजू लांब, आणि आधी थांबायला शिकायचं. म्हणून शिकाऊंनी झेरमाटच्या डोक्यावरच्या मॅटरहॉर्न शिखराच्या नावासाठी पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. बल्गेरियातलं बान्स्को किंवा जॉर्जियातलं गुदौरी त्या मानाने पुष्कळ स्वस्त. आपलं गुलमर्ग तर आहेच. वाचलेले पैसे चांगल्या प्रशिक्षकावर घालावेत. विम्यात मात्र काटकसर नको. हिवाळी खेळ आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात धरलाय का, ते निघण्याआधीच वाचावं. साध्या प्रवासविम्यात तो बरेचदा नसतो. एवढं करूनही ही सहल महागच पडते. तरी चाळिशी उलटलेला माणूस पहिल्यांदा न पडता वळण घेतो, तेव्हा आपलं शरीर अजून नवं शिकू शकतं याची त्याला जी खात्री पटते, त्यासाठी वर्षभर हॉटेलिंगला आणि खरेदीला कात्री लावा, असं मी कुणालाही सांगेन.