मंडपेश्वर : पुसू नये असा क्रूस

ब्राझीलमधले साल्वादोर शहर पोर्तुगिजांनी १५४९ साली वसवले. तिथली जुनी चर्चे पाहण्यास जगभरातून लोक जातात. त्याच सुमारास त्याच सत्तेच्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी बोरिवलीतील मंडपेश्वराच्या शैव लेण्याचे चर्च केले. आपले मुंबईदर्शन मात्र १९२४ च्या गेटवेपाशीच आटोपते! येथे नटराजाचा शिल्पपट आहे, खडकात कोरलेला क्रूस आहे, माथ्यावर ख्रिस्ती मठाचे भग्नावशेष आहेत. १७३९ पर्यंत साष्टी मराठ्यांकडे आली; आज गाभाऱ्यात शिवपूजा चालते. क्रूस काढून टाका म्हणणारे आणि मूळ लेण्यावरचा आघात सौम्य करून सांणारे, दोघेही मला अमान्य आहेत. त्या आघाताचा ठळक पुरावा तो क्रूसच आहे. आय. सी. कॉलनीतून पायी जाता येते.