नोंद कोणी करावयाची?

सरकारी दप्तरात, पोलिसांच्या रोजनाम्यात आणि पंडितांच्या अहवालांत ज्यांच्याविषयी दीडशे वर्षे उदंड लिहिले गेले, परंतु ज्यांना स्वतःविषयी काही सांगावयाचे असेल असे लिहिणारांच्या मनातही आले नाही, त्या हिजडा समाजातील ए. रेवती यांच्या लेखनाची दखल तमिळ वाङ्मयाच्या सीमेबाहेरही घेतली जाणे अगत्याचे आहे.

नामक्कलजवळच्या खेड्यात मुलगा म्हणून वाढविल्या गेलेल्या रेवतींनी भावांचा मार आणि गावाची कुचेष्टा सोसून घर सोडले; दिल्ली-मुंबईस गुरूच्या घरी चेला म्हणून त्या राहिल्या, आणि देहविक्रयाच्या काळात गुंडांचा व पोलिसांचा जुलूमही त्यांनी भोगला. पुढे बंगळूरच्या 'संगमा' संस्थेत कनिष्ठ कर्मचारी म्हणून शिरून त्या तिच्या संचालकपदापर्यंत पोहोचल्या. २००४ साली त्यांनी 'उणर्वुम् उरुवमुम्' हा इतर हिजड्यांच्या कथनांचा संग्रह सिद्ध केला, व्ही. गीता यांनी इंग्रजीत आणलेले त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले ते २०१० मध्ये. आधी इतरांची कहाणी आणि मागाहून स्वतःची, हा क्रम आत्मचरित्रकारांच्या जातीत विरळाच! शिवाय गुरुगृहातील जाच आणि हेवेदावेही त्यांनी झाकून ठेवले नाहीत.

सरकारदरबारी या समाजाची नोंद कशी होत आली, हेही येथे पाहिले पाहिजे. दख्खनेतील हिजड्यांचा भिक्षेचा हक्क मराठी अमलात सनदांनी मान्य होता. तो पुढे चालविण्यास इंग्रजी अमलातील मुंबई सरकारने नकार दिला. उत्तरेकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संशयित हिजड्यांची नोंदवही उघडली, आणि तीत नाव चढलेल्यास दत्तक घेण्याचा वा मृत्युपत्र करण्याचा अधिकार उरला नाही.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्यास दिला. परंतु तृतीयपंथीयांविषयीच्या २०१९ च्या कायद्याने त्या ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्याच्या स्वाधीन केले, आणि स्त्री वा पुरुष अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखला मागितला. ही शस्त्रक्रिया म्हणजे काय सोसणे असते, हे रेवतींनी कसलाही आडपडदा न ठेवता लिहिले आहे. कायद्याचा मसुदा करणारांनी ती पृष्ठे वाचली असती, तर शरीरावरील व्रण हा मनाचा पुरावा म्हणून मागण्यास त्यांची लेखणी बहुधा धजली नसती. दाखल्याची ही अट रद्द व्हावी आणि अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र हाच पुरेसा पुरावा मानला जावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.