नटाला कोणत्या मापाने मोजावे?



झरी-जामणीच्या वाचकांना नाटकाची गोडी लावावी लागत नाही. वर्धा नदी ओलांडून चंद्रपूरच्या पलीकडे गेले, की झाडीपट्टीच्या रंगभूमीचा मुलूख लागतो; दिवाळीनंतर तेथे रात्ररात्रभर नाटके चालतात. आता तर दूरदर्शन-संचामुळे नट आपल्या ओसरीवरच येऊन बसला आहे. ज्या घरांतून देव्हारे निघाले, त्याच घरांत संध्याकाळच्या मालिकेतून चमत्कार आणि नवससायास पुन्हा शिरत आहेत. म्हणून नटाला कोणत्या मापाने मोजावे, हा प्रश्न आता आपल्या घरचा झाला आहे.

या संदर्भात डॉ. श्रीराम लागू यांची कारकीर्द आपण नीट पाहावी, अशी आमची विनंती आहे. १९२७ साली साताऱ्यास जन्मलेला हा मनुष्य कान-नाक-घशाचा शस्त्रवैद्य होता. आफ्रिकेत टांझानियात त्याने वैद्यकी केली. पुढे चाळिशी ओलांडल्यावर तो स्थिर व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाला. १९७० साली ‘नटसम्राट’ आले आणि गणपतराव बेलवलकर घरोघर पोहोचले. ‘सामना’, ‘सिंहासन’ हे चित्रपट, दूरदर्शनवरील ‘खानदान’ ही मालिका, अॅटनबरोंच्या ‘गांधी’ (१९८२) मधील गोखल्यांची भूमिका, ही यादी सर्वांस ठाऊक आहे. तेवढ्यासाठी आम्ही लेखणी उचलली नसती.

त्याच १९७० साली लागूंनी तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ दिग्दर्शित केले. लुगड्यावरच्या तांबड्या डागास परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली, तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि तो तांबडा समजावा, असे प्रेक्षकांस सांगून प्रयोग झाले! (निळ्या रंगाने केलेली ही कामगिरी आमच्या वाचकांस मौजेची वाटेल.) पुढे चंद्रपूर जिल्ह्यातून आलेले नाटककार प्रेमानंद गज्वी यांचे ‘किरवंत’ लागूंनी रंगमंचावर आणले. किरवंत म्हणजे अंत्यविधी करणारा ब्राह्मण. मर्तिकाला तो हवा, पण पंक्तीला नको. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती अगदी वरच्या पायरीवरही माणसाला कशी कुरतडते, हे एका दलित लेखकाने दाखविले. नाव झालेल्या नटाला असले नाटक टाळणे किती सोपे होते! लागूंनी ते टाळले नाही.

परमेश्वराला आता निवृत्त करावे, असे त्यांनी उघडपणे लिहिले. डॉ. नरेंद्र दाभोलकर व निळू फुले यांच्यासह सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ते झटले. अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव करून पैसा उभा केला, आणि त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. तिकिटाचा पैसा चळवळीच्या चुलीपर्यंत पोहोचविणारे नट किती?

परंतु खरी कसोटी घरात लागते. त्यांचा तरुण मुलगा तन्वीर धावत्या रेल्वेवर कोणीतरी भिरकावलेल्या दगडाने गेला. अशा वेळी शहाणीसुरती माणसे भगताच्या दारी जातात. आपल्याच वस्त्यांत, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांत, मूल आजारी पडले म्हणजे अंगारा शोधला जातो. हे लपवून काय होणार? त्या बापाने आपले विचार बदलले नाहीत. मुलाच्या नावे त्याने रंगकर्मींसाठी ‘तन्वीर सन्मान’ सुरू केला, आणि १७ डिसेंबर २०१९ रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी, तो निरीश्वरवादी म्हणूनच गेला.

धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी वर्गणी जमविणाऱ्या तरुणांना आमचे एक सांगणे आहे. गाण्याचा कार्यक्रम अवश्य ठेवा. पण एक रात्र नाटकास द्या. गज्वींचीच ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका घ्या. तिला ना थोर देखावा लागतो, ना मुंबईचे नट. गावातील शिकली-सवरलेली मुले ती उत्तम करतील. आणि तालमीला मुलींनाही बोलवा.